सगळ्यांची एकच फाईल

आमच्या संघाचा कॉम्प्युटर मी आयुष्यात एकदाच बंद पाडला, पण पाडला तो अगदी पद्धतशीर.

मार्च महिना होता. मी खरेदी-विक्री संघाचा स्टोअरकीपर, आणि मार्चमध्ये स्टोअरकीपरच्या अंगात येतं. वर्षभर ज्याला कुणी हात लावला नाही ते हुडकायचं, निकालात काढायचं, जागा मोकळी करायची. गोदामातल्या फाटक्या गोण्या झाल्या, गंजलेले फवारणी पंप झाले, मग माझी नजर कॉम्प्युटरच्या खोलीकडे गेली. मला साठ्याची यादी त्यात चढवायची होती आणि यंत्र म्हणत होतं, जागा नाही. मी पडद्यावर फायली काढून एकेक तपासल्या. पगाराची रोज उघडली जायची, कापसाच्या वजनाची जायची, सभासदांची जायची. एक मात्र सगळ्यांहून दांडगी होती आणि तिला कुणी उघडताना मी कधी पाहिलं नव्हतं. सरळ सरळ पडीक माल. मी ती पुसून टाकली. केवढी जागा झाली म्हणून स्वतःवरच खूश होऊन चहा मागवला.

चहा यायच्या आत वजनकाट्यावरचा कारकून आला. कापसाच्या गाड्या उभ्या आहेत आणि प्रोग्राम चालंना, म्हणाला. पाठोपाठ पगारवाला आला, मग सभासदवाला. कुठलाही प्रोग्राम सुरू केला की पडदा इंग्रजीत एकच विचारायचा, अमुक फाईल सापडत नाही, तिच्यापर्यंतचा रस्ता सांगा. मी जरा विचार करून 'परभणी' असं टाईप केलं. ते त्याला पटलं नाही. मग मी गल्लीसकट सगळा पत्ता दिला.

संध्याकाळच्या बसने मेव्हणा जिंतूरहून परतला. तो यंत्र सांभाळायचा. त्याने आधी पडदा पाहिला, मग माझं तोंड पाहिलं.

"दाजी," तो म्हणाला, "मार्च आला म्हणा की."

एवढंच बोलला आणि सायकल काढून घरी गेला. त्या फाईलीची दुसरी प्रत आमच्या घरी, माझ्या बायकोच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत असायची. परभणीच्या उन्हात फ्लॉपी वाकडी होते आणि धुळीने जाते, म्हणून ही सोय. त्यामुळे आमच्या संघाच्या सगळ्या फ्लॉप्यांना डांबरगोळीचा वास यायचा. तासाभरात सगळं सुरळीत झालं.

घरी जाताना त्याने मला समजावलं, आणि तेही न रागावता. प्रोग्राम आपण आपल्याला कळेल अशा भाषेत लिहितो. मग त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करून तो पक्का करतात, त्याला कंपाइल करणं म्हणतात. पण पक्का केलेला प्रत्येक प्रोग्राम आपल्याबरोबर सगळा संसार घेऊन हिंडतो. तारीख कशी वाचायची, बेरीज कशी करायची, कागद कसा छापायचा, हे पगाराच्या प्रोग्रामातही आणि कापसाच्याही. म्हणून ते फुगतात. त्याने काय केलं, तर सगळ्यांना लागणारं तेवढं काढून एका फाईलीत ठेवलं, आणि बाकीच्यांना सांगितलं, लागेल तेव्हा तिथून घ्या.

"आपल्या विहारात समाजाची भांडी ठिवलेत का न्हाईत?" तो म्हणाला. "लग्नाचं पातेलं घरोघर कुठं असतंय? ज्याच्या घरी कार्य असंल त्यो आणतो, घासून परत ठिवतो. तसंच हाय हे. आज तुमी सगळी भांडी भंगारात घातलात."

मी म्हणालो, एवढं महत्त्वाचं आहे तर कुणी उघडत का नाही तिला? तो म्हणाला, पातेल्यात कोण डोकावतंय दाजी, लोक जेवून जातात.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, हे खरं. पण तेवढंच सांगितलं तर खोटं होईल. आमचं लग्न झालं त्याच वर्षी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्या पावसाळ्यात तिच्या माहेरी, पालमकडच्या खेड्यात, आमच्या लोकांची घरं जळाली. सासऱ्यांचंही गेलं. माणसं तेवढी वाचली. सासरे पोराला घेऊन आमच्या दारात आले आणि म्हणाले, शाळेपुरता ठेवा. तेव्हा त्याचे समोरचे दोन दात पडलेले होते. पुढे शाळा संपली, पॉलिटेक्निक संपलं, सासरे गेले, सासूबाई गेल्या, आणि तो राहिला. आमच्या घरात दुसरं लेकरू आलं नाही. त्याला अक्का म्हणजे बहीण हे माहीत होतं, पण ताप आला की तो तिला आई म्हणून हाक मारायचा आणि ती ओ द्यायची.

संघात कॉम्प्युटर आला तेव्हा तो चालवायला माणूस नव्हता. मी छाती पुढे काढून साहेबांना सांगितलं, माझा मेव्हणा चालवतो. मग घरी येऊन त्याला विचारलं, तुला चालवता येतो ना रे? तो म्हणाला, पॉलिटेक्निकात लांबून पाहिला आहे, पण शिकू. आणि शिकला. रोजंदारीवर लागला. साहेब म्हणजे आमचे मॅनेजर. तोंडाने गोड होते आणि मनानेही वाईट नव्हते. त्यांनी त्याला शब्द दिला की पालम, पाथरी, जिंतूर, सगळ्या शाखा एका पद्धतीवर चालू दे, मग तुला कायम करायचा ठराव संचालकांपुढे ठेवतो.

कायम. हा शब्द आमच्या घरात रोज जेवताना एकदा तरी निघायचा. कायम झाला तर तो परभणीत राहणार होता. पुण्याला गेलेले त्याचे वर्गमित्र बोलावत होते, त्यांना तो थांबा म्हणत होता. कायम झाला की मागच्या अंगाला एक खोली काढायची, मग त्याच्यासाठी मुलगी बघायची. खोलीचा पत्ता नव्हता, पण बायको ती जागा रोज सकाळी झाडायची, सडा टाकायची.

शाखांमधली यंत्रं गरीब होती. आत साठवायला जागा नाही, सगळा कारभार दोन फ्लॉप्यांवर. एकेक प्रोग्राम एवढा फुगलेला की पगाराला एक फ्लॉपी, वजनाला दुसरी, आणि कारकून दिवसभर काढ-घाल करत बसलेला. म्हणून तशीच सामायिक फाईल शाखांसाठीही बांधायची होती. प्रोग्राम लिहायच्या भाषेबरोबर कंपनीने दिलेली एक होतीच. तिच्यात आमच्या संघाची कामं घालून त्याला नवी तयार करायची होती, म्हणजे सगळे प्रोग्राम मिळून एका फ्लॉपीत मावतील. रविवारी साहेबांकडून किल्ली घेऊन तो ऑफिसात बसायचा आणि मी सोबतीला. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी पेपर वाचायचो आणि अधूनमधून विचारायचो, झालं का? तो म्हणायचा, दाजी, तुमी असं इचारलात की मागचं बी इसरतंय.

त्यातला एक नियम मात्र मला चांगला समजला, कारण त्याने तो मोडला तेव्हा मी हजर होतो. प्रोग्राम त्या फाईलीतल्या कामाला नावाने हाक मारत नाहीत, जागेवरून मारतात. तिसरं घर, सातवं घर, असं. म्हणून नवं काम नेहमी शेवटी घालायचं, जुन्याला जागेवरून हलवायचं नाही. एकदा त्याने घाईत मधेच एक नवं घर बसवलं, आणि त्या महिन्यात पाथरीच्या शिपायाचा पगार क्विंटलमध्ये छापून आला. शिपाई समजूतदार होता. म्हणाला, चालंल की, फक्त माल कुठं उतरवून घेऊ तेवढं सांगा.

पाथरीनेच आणखी एक चमत्कार केला. दसऱ्याला तिथल्या कारकुनाने वजनकाट्याची पूजा केली, टाईपरायटरची केली, मग कॉम्प्युटरची केली. आणि फ्लॉपीला का वगळायचं म्हणून पाकिटातून काढून तिलाही हळदीकुंकू वाहिलं आणि श्रद्धेने परत आत सारली. यंत्राने प्रसाद ग्रहण केला आणि डोळे मिटले. मेव्हणा एस.टी.ने जाऊन दोन दिवस ते कापसाच्या बोळ्याने पुसत बसला. परत आला तेव्हा बोटं पिवळी. बायको म्हणाली, हळद लागली गं बाई माझ्या भावाला. तो लाजला. त्या दिवशी आम्ही तिघं फार हसलो होतो.

पण तेव्हापासून तो बदलला. आपण गेल्याशिवाय चालत नाही ही गोष्ट त्याला खटकायला लागली. त्याने प्रत्येक शाखेच्या माणसाला बसवून शिकवलं. बिघडलं तर काय करायचं, फाईल हरवली तर कुठली फ्लॉपी घालायची, हे साध्या मराठीत लिहून भिंतीवर चिकटवलं.

मला ते बघवेना. मी जन्मभर गोदामाची किल्ली कमरेला लावून हिंडलेला माणूस. किल्ली माझ्याकडे म्हणून लोक मला राम राम घालतात, हे मला ठाऊक होतं. एका रविवारी मी पेपर खाली ठेवून त्याला म्हणालो, हातचं काहीतरी राखून ठेव. ठराव होईपर्यंत. एखादी गोष्ट अशी कर की महिन्यातून एकदा तुलाच बोलवावं लागेल. तुला जमेल ते.

"जमंल," तो म्हणाला. "लय सोपं हाय. एक तारीख आत टाकली की झालं. ती आली की समदं आपोआप बंद."

"मग टाक की."

मग त्याने मला गावातल्या हापशाबद्दल विचारलं, आठवतो का म्हणून. मला आठवत नव्हता. मी जावई, मला पाणी तांब्यात यायचं. त्याने सांगितलं की घरं जळायच्या आधी काही दिवस कुणीतरी वस्तीतल्या हापशाची दांडी काढून नेली होती. हापसा जागेवर, खाली पाणीही होतं, फक्त दांडी दुसऱ्याच्या घरात.

"आई न् मी घागरी घिऊन त्या हापशाकडं नुसतं बघत बसायचो," तो म्हणाला. "मागायला जायचं तर कुणाच्या दारात जायचं ते बी कळायचं न्हाई. दाजी, दांडी घरी नेणारा माणूस मला व्हायचं न्हाई."

मी परत पेपर उघडला. एकच बातमी बराच वेळ वाचली.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत सगळ्या शाखा चालू झाल्या. एक फ्लॉपी, सगळे प्रोग्राम, आणि त्या सगळ्यांना मिळून ती एकच फाईल. आठवडे गेले तरी कुठून निरोप येईना. मेव्हण्याला करायला काम उरलं नाही. तो गोदामात येऊन माझ्या गोण्या मोजू लागला.

मग साहेबांनी मला बोलावलं. त्याला नाही, मला. अशी गोष्ट घरातल्या मोठ्या माणसाला आधी सांगायची, ही रीत त्यांनी पाळली. चहा सांगितला. मी बशीत ओतेपर्यंत थांबले.

"तुमच्या मेव्हण्यानं फार नेटकं काम केलं," ते म्हणाले. "मी संचालकांना अगदी तसंच सांगितलं. ते म्हणाले, मग आता अडतंय कुठं? आणि खरंच हो, आता कुठंच अडत नाही."

ते कौतुकाने बोलत होते. म्हणजे त्यांच्या मनात खरंच कौतुक होतं. वेगळ्या माणसाची गरज उरली नाही, शाखेचे कारकून चालवून घेतात, वर्षअखेरपर्यंत राहू दे, पुढे बघू. कुणी अपमान केला नाही, कुणी जातीवर गेलं नाही, उलट एक संचालक म्हणाले म्हणे की असं पोरगं जिल्ह्यात नाही. भांडायला काही हातात देतील तर भांडावं माणसाने.

त्यानंतर मी साहेबांकडे रोज जायला लागलो. ठेवून घ्या साहेब. दुसऱ्या टेबलावर ठेवा. गोदामात माझ्या हाताखाली द्या. रोजंदारीवरच राहू द्या, पण राहू द्या. मी इतक्या चकरा मारल्या की शिपाई मला बघून न विचारता दार उघडू लागला, आणि नंतर नंतर मला बघून उगीच फाईली आवरू लागला. बोलताना मी विनोदही करायचो. साहेब हसायचे, मीही हसायचो, आणि बाहेर यायचो.

घरी मीच सांगितलं होतं. तो जेवत होता. ऐकून म्हणाला, "म्हंजे बरोबर बांधलं म्हणायचं." आणि भाकरी मोडली. बायकोने त्याच्या ताटात न विचारता आणखी कालवण वाढलं, तो नको म्हणाला नाही. मी पाथरीच्या शिपायाचा किस्सा पुन्हा काढला. तो हसला. मोठ्यांचं मन राखायला हसतात तसा.

पुण्याला त्याने पत्र टाकलं. लगेच ये असं उत्तर आलं.

आणि त्याच जानेवारीत नामांतर झालं. आमच्या वस्तीत ते दोन-तीन दिवस कुणी घरात नव्हतं. निळे झेंडे, गुलाल, ढोल, संक्रांतीच्या तिळगुळात पेढे. इतक्या वर्षांनी एक गोष्ट झाली होती आणि म्हातारी माणसं रस्त्यात उभी राहून रडत होती. मेव्हणा पोरांच्या खांद्यावर होता. तो एवढा मोकळा होऊन ओरडताना मी कधी पाहिला नव्हता. बायको दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. तिच्या गालाला कुणीतरी गुलाल लावला होता, तो ओला झाला होता. इतक्या लोकांत एक बाई कशासाठी रडते हे कोण विचारणार. मलाही वाटलं, बरं झालं, कुणी विचारणार नाही.

गुलाल अंगावरून पुरता निघायच्या आत तो निघाला.

तिने दशम्या बांधून दिल्या, शेंगाची चटणी दिली, ट्रंकेतली एक फ्लॉपी लुगड्यातून काढून त्याच्या हातात ठेवली. त्याने ती परत तिच्याच हातात दिली, म्हणाला, राहू दे, संघाला लागली तर. मग उंबऱ्यात थांबून म्हणाला, "अक्का, जाऊ का?" ती म्हणाली, जाऊन ये, सावकाश जा. ती स्टँडवर आली नाही. तिला एस.टी.च्या धुराने मळमळतं असं तिने सांगितलं.

पुण्याची गाडी लागलेली होती. मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, आणि मग माझं तोंड सुरू झालं. कंडक्टरला म्हणालो, नीट न्या, महागाचं यंत्र आहे. मेव्हण्याला म्हणालो, तिथं शुद्ध बोल, हाय-न्हाई केलंस तर परत पाठवतील. म्हणालो, मुलगी तिथंच बघितलीस तर निदान आम्हाला पत्रिका पाठव. तो प्रत्येकाला हसत होता. गाडी सुरू झाली. त्याने एक पाय पायरीवर ठेवला, एक खाली. पिशवी छातीशी धरलेली.

"दाजी," तो म्हणाला, "निघू का मग?"

"निघ की," मी म्हणालो. "जागा जाईल."

तो तरी क्षणभर तसाच उभा राहिला. कंडक्टरने घंटी दिली. मग तो वर चढला आणि मला त्याची पाठ दिसली.

घरी आलो तेव्हा बायको मागच्या अंगाला बसली होती. काय काय म्हणाला ते तिने विचारलं. मी सगळं सांगितलं, कंडक्टरला काय म्हणालो, मुलीचं काय म्हणालो. सांगता सांगता शेवटचंही सांगून टाकलं, निघू का म्हणाला, मी म्हटलं निघ, जागा जाईल.

ती म्हणाली, "साहेबाला तुमी इतक्यांदा म्हणलात, ठिवून घ्या, ठिवून घ्या म्हणून. पोरगं जाऊ का, निघू का इचारत व्हतं, त्याला एकदा म्हणायचं व्हतं की, राहा. नोकरी ऱ्हाऊ दे, न ऱ्हाऊ दे, तू राहा." आणि मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "मी बी न्हाई म्हणले."